ब्रिटनमध्ये पर्यावरणाच्या कामात आपल्याला घेतात का?

तू विचारलंयस की पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमला येतेय, सध्या टेकडीवर झाडं जगवायचं काम करतेस, तर तिकडच्या ग्रुपमध्ये आपल्याला घेतात का आणि आपले लोक त्यात दिसत का नाहीत. मी 14 वर्षं लेस्टरला आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आपल्या लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही असं इथे कानावर येईल, ते साफ चुकीचं आहे गं. माझ्या शेजारच्या गुजराती मासी दह्याचे डबे धुवून त्यात डाळी भरतात, भाजी धुतलेलं पाणी मेथीच्या कुंडीत ओततात, हीटिंग लावायच्या आधी दुसरा स्वेटर चढवतात, पण तुम्ही पर्यावरणवादी का असं विचारलं तर नाहीच म्हणतील, कारण तो शब्द त्यांना आपला वाटतच नाही. आणि प्रदूषणाची झळ कोणाला बसते बघ. लंडनमध्ये साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही कृष्णवर्णीय मुलगी 2013 मध्ये 9 वर्षांची असताना दम्याने गेली, तिच्या आईने पिच्छा सोडला नाही म्हणून 2020 मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं, देशात पहिल्यांदाच.

मग अडतं कुठे? अर्ध्या लोकांची शनिवार-रविवारी शिफ्ट असते, जंगल-डोंगराकडे रविवारी बस कमी, गाडी नसली की संपलं. मी पहिल्यांदा एका ग्रुपबरोबर ओढा साफ करायला गेले तेव्हा 20-22 जणांत मी एकटीच आपल्याकडची, सगळे छान बोलले, काम झाल्यावर ते पबमध्ये गेले आणि मी घरी आले. पुढची तारीख पबमध्येच ठरली. मला कळली ती होऊन गेल्यावर. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण मी वर्षभर गेले नाही. आता मी आधीच तारीख विचारून घेते, आणि ती सगळ्यांना मेसेज करा म्हणून मागे लागते.

पगारी नोकरीचं म्हणशील तर 2017 च्या एका अहवालात शेतीच्या खालोखाल सगळ्यात कमी वांशिक अल्पसंख्याक पर्यावरणाच्याच क्षेत्रात निघाले होते, एक कारण म्हणजे आधी कित्येक महिने फुकट काम करून अनुभव दाखवावा लागतो आणि ते घरभाडं भरणाऱ्याला कसं परवडणार.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. एक्स्टिंक्शन रिबेलियन या हवामान बदलाविरुद्ध लढणाऱ्या गटाच्या एप्रिल 2019 च्या आंदोलनात लंडनमध्ये हजारावर लोकांना अटक झाली, त्यात मुद्दाम अटक करून घेणारेही होते. व्हिसावर असताना गुन्हा नोंदला गेला तर व्हिसाची मुदतवाढ आणि इथे कायमचं राहायचा परवाना दोन्ही अडू शकतं, तेव्हा परवानगीच्या मोर्चाला खुशाल जा, रस्ता अडवायला बसू नकोस, आणि त्याबद्दल कुणी भित्री म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

बर्मिंगहॅममध्ये कालवे भरपूर आहेत, त्यांच्या सफाईपासून सुरुवात कर, शहरातच असल्यामुळे गाडी लागत नाही. आल्या आल्या कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या महापालिकेकडे, अलॉटमेंटसाठी पण नाव घाल, म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारा तुकडा, वेटिंग लांब असतं. तिथे बाजूच्या वाफ्यावर पंजाबी आजोबा नाहीतर जमैकाच्या आजी भेटतील, माती आणि पाण्याबद्दल त्यांना विचार, दिवस पुरणार नाही.