दुखरा खांदा आणि कायद्याची पुस्तकं

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा सतरा वर्षांचा, हायस्कूलच्या बेसबॉल संघात पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा) आहे. कॉलेज नको, थेट प्रोफेशनल बेसबॉल म्हणतो. हे म्हणतात, आधी डिग्री. घरात रोज वाजतंय. त्यात महिनाभर त्याचा खांदा दुखतोय.

उत्तर: ताई, खांद्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. आधी डॉक्टरांची वेळ घ्या, भांडण पळून जात नाही.

मुलाला विचारा, जॉन माँटगोमेरी वॉर्ड माहीत आहे का? पेनसिल्व्हेनियाचा, चौदाव्या वर्षी पोरका झालेला मुलगा. १८७९ मध्ये प्रॉव्हिडन्स संघाकडून त्याने पिचर म्हणून ४७ सामने जिंकले. पुढच्या वर्षी, विशीतच, एका सामन्यात बफेलो संघाच्या एकाही खेळाडूला पहिल्या बेसवर, म्हणजे धाव घेतानाच्या पहिल्या टप्प्यावर, पाऊल ठेवू दिलं नाही. एवढं पिचिंग केल्यावर हात कुरकुरणारच. १८८४ मध्ये उजवा हात निकामी झाला, तेव्हा हा पठ्ठ्या डाव्या हाताने चेंडू फेकायला शिकला आणि मैदानात उभा राहिला! नंतर शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) झाला, आणि १८८५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवीही घेतली.

तुमचे हे म्हणतील, बघा, डिग्री कामी येतेच. पण वॉर्डने ती खेळ सोडून घेतली नाही, आणि वापरली ती खेळातच. तेव्हा क्लबने खेळाडू राखून ठेवला की त्याला दुसरीकडे जाता येत नसे. वॉर्डने खेळाडूंची संघटना उभारली, १८८७ मध्ये लेखातून विचारलं, खेळाडू म्हणजे जंगम मालमत्ता का? १८९० मध्ये तर खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. ती एकच हंगाम टिकली, हेही मुलाला सांगा. चौतिसाव्या वर्षी खेळ थांबवून वॉर्ड न्यूयॉर्कमध्ये वकिली करू लागला.

आता तुमच्या घरचं. हायस्कूलनंतर चार वर्षांच्या कॉलेजात गेलं, तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वर्षांचा होईपर्यंत सहसा ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल क्लब नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, येता येत नाही. मुलाची घाई समजा यातूनच असेल, तर ती अगदीच वेडेपणाची नाही. पण कॉलेजातही बेसबॉल आहेच. आणि थेट करार झालाच, तर पुढच्या शिक्षणाचा खर्च क्लबने द्यायचा, हे करारात लिहून घेता येतं. सही करण्याआधी वकिलाला दाखवा, आणि तेव्हा मुलाला शेजारी बसवा. त्याला काय कळतंय, असं म्हणू नका.

खांद्याचा रिपोर्ट आला की कळवा. तोवर पिचिंग बंद.