मुलाचा फोटो घेऊन ब्लॅकमेल करतायत, अकाउंट डिलीट करून टाकू का?

प्रश्न: ताई, नाव छापू नका प्लीज. आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो, मुलगा नववीत आहे, १४ वर्षांचा. गेम खेळता खेळता एका मुलीशी ओळख झाली म्हणे, मग इन्स्टावर रोज बोलणं सुरू झालं, आणि एका रात्री तिने स्वतःचा नको तसा फोटो पाठवून याच्याकडे मागितला आणि याने पाठवला. लगेच मेसेज, पैसे टाक नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवतो. याने माझ्या फोनवरून २ हजार पाठवले, आता आणखी ५ मागतायत. बँकेचा मेसेज आला तेव्हा मला कळलं. त्याच्या बाबांना अजून सांगितलेलं नाहीये, ते आधी मारतील मग फोन फोडतील. सगळं डिलीट करून गप्प बसावं का? पोलिसांत गेलो तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

उत्तर: ताई, आधी एक सांगते, काहीही डिलीट करू नका आणि आता एक रुपयाही देऊ नका. एकदा पैसे मिळाले की समोरच्याला कळतं इथून येतायत, मग मागणं थांबत नाही, वाढतच जातं. आणि ती 'मुलगी' बहुतेक मुलगी नसतेच, ही माणसं ठरवून हेच काम करतात, आज तुमचा मुलगा उद्या दुसऱ्याचा.

तो फोन हातात घ्या, मुलाला शेजारी बसवा आणि पूर्ण चॅटचे स्क्रीनशॉट काढा. त्या अकाउंटचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, पैसे गेले तो यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा नंबर सगळं लिहून ठेवा. हे झालं की मगच इन्स्टावर रिपोर्ट आणि ब्लॉक. पैसे गेलेत म्हणून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढे सरकायच्या आत अडकवता येण्याची आशा जास्त, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर मुलांसंबंधीच्या गुन्ह्यात तक्रार टाका.

तो फोटो कुणालाही फॉरवर्ड करू नका, अगदी 'मामाला दाखवते, तो सांगेल काय करायचं' म्हणून सुद्धा नाही, १८ च्या खालच्या मुलाचा असा फोटो पुढे पाठवणं हाच आयटी कायद्यात गुन्हा आहे. मुलाच्या फोनमध्ये तो आहे तसा राहू द्या, कारण 'टेक इट डाउन' नावाची एक फुकट सोय आहे, अमेरिकेतली एनसीएमईसी ही संस्था चालवते. तिथे फोटो अपलोड होत नाही, फोनमध्येच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा जातो, मग इन्स्टा, फेसबुक, स्नॅपचॅट वगैरे त्यावरून तो फोटो ओळखून काढू शकतात. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये मात्र याचा उपयोग होत नाही.

पोलिसांची भीती मला समजते. पण २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा कायदा, मुलाच्या बाजूने बराच विचार करून केलेला आहे. मुलाचा जबाब घरी किंवा तो म्हणेल तिथे घेता येतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही आणि त्याचं नाव, शाळा, पत्ता छापायला बंदी आहे. मुलगा तिथे पीडित म्हणून जाणार, आरोपी म्हणून नाही, हे त्यालाही स्पष्ट सांगा. एकटीने जायला धीर होत नसेल तर १०९८ ला फोन करा, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, २४ तास चालू.

आता त्याच्या बाबांचं. त्यांना आजच सांगा, पण मुलगा समोर नसताना. त्यांना म्हणा, हा ब्लॅकमेल चालतो तो फोटोवर नाही, 'घरी कळलं तर काय होईल' या पोराच्या भीतीवर चालतो. पोराने तुमच्याकडे न येता पैसे पाठवले ते याच भीतीने, आणि आता मार बसला तर पुढच्या वेळी तो आपल्यालाच काही सांगणार नाही. अशा धमक्यांनी मुलांनी जीव दिल्याच्या घटना घडल्यात ताई, म्हणून पुढचे काही दिवस रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. जेवत नसेल, बोलत नसेल, मरणाच्या गोष्टी करत असेल तर १४४१६ वर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं.

फोन कायमचा काढून घेऊ नका. हे सगळं निवळलं की त्याच्या इन्स्टावर जन्मसाल काय टाकलंय ते बघा, बरीच पोरं १८ च्या वरचं टाकतात आणि त्यामुळे १८ च्या खालच्या मुलांसाठी असलेल्या टीन अकाउंटचं संरक्षण लागूच होत नाही. साल खरं असेल तर अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही आणि १६ च्या आत ते सैल करायला आईबापाची परवानगी लागते. गेममधला अनोळखी लोकांशी चॅटही बंद करा, त्याला समोर बसवून, त्याच्याच हाताने. आणि तुमच्या यूपीआयचा पिन आजच बदला.