४० पौंडाचा हॉर्सबो (जुन्या घोडेस्वारी पद्धतीचं धनुष्य), ड्रॉ (दोरी ओढायची लांबी) २८ इंच. दुकानदार ५० स्पाइनचे (कडकपणाच्या आकड्याचे) लाकडी बाण घे म्हणतोय, बरोबर आहे का?

नाही. ३५ ते ४० चे घ्या. "कडक बाण सरळ जातो" हे ज्यानं कुणी पसरवलंय त्यानं आयुष्यात लाकडी बाण मोजलेला नसणार, आणि हे मी रागानंच लिहितोय, कारण असल्याच अर्धवट माहितीपायी माझ्या पोरीचं धनुष्य आज माळ्यावर पडलंय.

हॉर्सबोला शेल्फ (बाण टेकायची जागा) नसतो, बाण मुठीच्या कडेनं निघतो आणि दोरी तर मधोमध येते, म्हणजे सुटताना बाणाला वाकून मुठीला वळसा घालूनच जायला लागतं. वाकला नाही तर बाजूला फेकला जाणार. म्हणून सेंटर-कट बोच्या (मुठीत खाच कापून बाण मधोमध आणलेल्या धनुष्याच्या) चार्टवरचा आकडा इथं चालत नाही, पाच-दहा पौंड खालीच यायला लागतं.

आता माझं सांगतो. मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीत टर्नर. पोरगी शाळेतनं इंडियन राउंड खेळायची, बांबूचं धनुष्य आणि लाकडी बाण. २०२३ ला साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनमधे वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हापासून आमच्याकडं सगळ्याच पोरांना आर्चरी पाहिजे, चांगलंच आहे, अभिमानच आहे, पण ती कंपाऊंडवाली (चाकं लावलेल्या यांत्रिक धनुष्याची), आणि इथले शिकवणारेसुद्धा बरेचसे कार्बन बाणाच्याच हिशोबात बोलतात. पोरीचे बाण सारखे डावीकडं जायचे. उजव्या हाताची, बोटांनी ओढणारी, तिचा बाण डावीकडं जातोय म्हणजे पहिला संशय बाण कडक असल्याचा. मी सरांना म्हणलं बाण बघा. तर त्यांनी मऊ पाहिजेत म्हणून मोठ्या नंबरचे मागवले! कार्बनमधे ५०० पेक्षा ६०० मऊ, कारण तो आकडा बाण किती वाकला त्याचा. लाकडात ५० म्हणजे पौंड, आकडा जेवढा मोठा तेवढा बाण कडक. झालं, बाण अजून डावीकडं, आणि मग सगळं खापर पोरीच्या रिलीजवर, म्हणजे दोरी सोडण्यावर. कोपर बघ, बोटं बघ, मन लागत नाही तुझं. घरी आली की जेवायची नाही नीट, हात पुढं धरून बघत बसायची.

मग मी ते बाण कंपनीत नेले आणि जेवणाच्या सुट्टीत सरफेस प्लेटवर (एकदम सपाट पाटावर) दोन व्ही-ब्लॉक (व्ही खाचेचे ठोकळे) २६ इंच अंतरावर मांडले, बरोबर मधे २ पौंड, म्हणजे ९०७ ग्रॅम, टांगले आणि हाइट गेजनं (उंची मोजायच्या मापानं) बाण किती खाली येतो ते घेतलं. डझनावर छापलेलं ४५-५०. एक बाण १२ मिलिमीटर वाकला, दुसरा १७! २६ ला इंचातल्या वाकण्यानं भागायचं, म्हणजे एक ५५ चा आणि एक ३९ चा, एकाच पुड्यात. आणि पोरीचा बो तिच्या ड्रॉला हुकच्या काट्यावर भरला २८ पौंड. सांगा आता, रिलीज कुणाची खराब होती?

त्यातले मऊ तेवढे निवडून मी पॉलिश पेपरनं घासले. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो, त्यामुळं ११/३२ इंची शाफ्टचा (बाणाच्या काडीचा) व्यास अर्धा मिलिमीटर उतरवला तरी वीसेक टक्के स्पाइन उतरतो. गेजवर २२-२३ मिलिमीटर आलं तिथं थांबलो. बाण मधे आले, एका जागी आले. सरांना आकड्यांचा कागद दाखवला तर म्हणाले ही आर्चरी आहे, वर्कशॉप नाही, आज वारा नव्हता म्हणून लागले. पोरीनं त्यानंतर जाणंच सोडलं. वर्कशॉप नाही म्हणे. अहो, बाण ही मापाचीच वस्तू आहे.

तर तुम्ही काय करा, दुकानदाराचं आणि बोवर लिहिलेलं दोन्ही सोडा. सामान तोलायच्या हुकच्या काट्यानं तुमच्या ड्रॉला बो किती भरतो ते बघा. दोन खिळे २६ इंचावर, मधे किचनच्या काट्यावर ९०७ ग्रॅम भरलेली पाण्याची बाटली, मागं स्टीलची पट्टी. तुमच्यासाठी १६.५ ते १९ मिलिमीटर वाकणारे बाण पाहिजेत. ज्या बाजूला बारीक समांतर रेषा दिसतात ती बाजू मोजताना वर ठेवा, आणि नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) असा बसवा की तीच बाजू धनुष्याला लागेल. हा हिशोब २८ इंची बाण आणि १२५ ग्रेन (बाणाच्या टोकाच्या वजनाचं माप) टोकाचा. बाण इंचभर लांब ठेवला तर पाचेक पौंड जास्तीचा शाफ्ट घ्या, टोक जड केलं तरी तसंच.

आणि हो, हॉर्सबो आहे म्हणून विचारतो, अंगठ्यानं ओढता का? मग बाण उजवीकडून निघतो आणि वरचं सगळं उलटं, कडक बाण उजवीकडं जाणार. मऊ पाहिजेत म्हणून एकदम २५ चेही घेऊ नका, ४० पौंडाच्या बोवर असला बाण मोडून हातात घुसू शकतो. प्रत्येक वेळी मारायच्या आधी हातानं जरा वाकवून बघा, कुरकुरला तर तो बाण मोडूनच टाका, ठेवू नका.

मोजून झालं की मिलिमीटर कळवा, कुठले बाण एकत्र मारायचे ते लावून देतो. आणि कुणी रिलीज रिलीज करायला लागला तर आधी त्याला बाण मोजायला सांगा.