गुप्त काय ठेवायचं आणि काय नाही

अणुवीज प्रकल्पात सुरक्षेपायी बरंच काही गुप्त ठेवावं लागतं, मग त्याच्या नियमनात लोकसहभाग हा निव्वळ सोपस्कारच ना, असं तुम्ही विचारलंय. पुष्कळदा तो सोपस्कारच होतो. पण त्याचं खापर सुरक्षेवर फोडता येणार नाही.

पहारा कसा असतो, किरणोत्सारी साहित्य कोणत्या वाटेनं नेलं जातं, हे बाहेर कळायला नकोच. पण कुठली झडप गळली, तपासणीत काय आढळलं, ते दुरुस्त झालं का, यात लपवण्यासारखं काय आहे? फ्रान्समध्ये निरीक्षक प्रकल्पाला भेट देऊन गेले की नियामक संस्था प्रकल्पप्रमुखाला पत्र पाठवते. काय आढळलं, काय सुधारायचं, उत्तर किती मुदतीत द्यायचं, सगळं त्यात असतं, आणि ही पत्रं संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. २००६ च्या कायद्यानं तर किरणोत्साराच्या धोक्याची माहिती थेट प्रकल्पचालकाकडे मागण्याचा हक्क नागरिकांना दिला.

उलट, माहिती अडकून पडली की काय होतं ते जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज प्रकल्पाच्या अपघातात दिसलं. मार्च २०११ मध्ये किरणोत्सारी द्रव्य कुठे पसरेल याचे अंदाज सरकारची 'स्पीडी' ही संगणकप्रणाली काढत होती, पण लोकांपर्यंत ते वेळेत पोचलेच नाहीत. प्रकल्पाजवळच्या नामिए गावाचे कितीतरी रहिवासी वायव्येकडच्या त्सुशिमात आश्रयाला गेले आणि किरणोत्सारही तिकडेच पसरला. जीव वाचवायला निघालेली माणसं होती ती! संसदेच्या चौकशी आयोगानं २०१२ मध्ये हा अपघात मानवनिर्मित ठरवला आणि सरकार, नियामक व कंपनी यांच्या संगनमतावर बोट ठेवलं. अणुऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या मंत्रालयाच्याच हाताखाली तेव्हाचा नियामक काम करत होता.

सहभागाचं म्हणाल, तर सगळं वेळेवर अवलंबून आहे. पर्यावरणाच्या निर्णयांत लोकांना माहिती आणि सहभाग मिळावा म्हणून युरोपात झालेल्या १९९८ च्या आर्हूस करारात स्पष्ट म्हटलंय की सगळे पर्याय खुले असतानाच लोकांना सामील करून घ्यायचं, त्यांच्या म्हणण्याची दखल घ्यायची आणि निर्णय कारणांसह जाहीर करायचा. जागा ठरली, कंत्राटं दिली, आणि मग जनसुनावणी घेतली, तर लोकांनी बोलायचं तरी कशावर? सुनावणीला किती गर्दी झाली यापेक्षा आक्षेपांना लेखी, सकारण उत्तरं मिळाली का, हे मी आधी बघतो.

तुम्ही स्वतः सुनावणीला जाणार असाल तर 'प्रकल्प सुरक्षित आहे का?' असं विचारू नका, त्याला 'हो' एवढंच उत्तर येतं. बाहेरून येणारी वीज तुटली तर अणुभट्टी थंड ठेवण्याची व्यवस्था किती तास चालेल, तो हिशेब कंपनीबाहेरच्या कुणी तपासला, आणि तो अहवाल कुठे वाचायला मिळेल, असं विचारा. 'गोपनीय आहे' म्हणाले तर कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा. आणि संवेदनशील मजकूर काळा करून उरलेला अहवाल द्या, अशी मागणी त्याच अर्जात करा.