१९६७ च्या उन्हाळ्यातली रॉक आणि सोल गाणी खरंच एवढी भारी होती का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या १९६७ च्या 'समर ऑफ लव्ह'चं, म्हणजे हिप्पी तरुणांच्या त्या प्रेमाच्या उन्हाळ्याचं, लोक एवढं कौतुक करतात, तर तेव्हाची गाणी खरंच भारी होती की नुसतीच हवा. भारी होती, मनापासून सांगतो. फक्त बरेच जण हिप्पी, केसातली फुलं आणि सॅन फ्रान्सिस्को एवढंच धरून बसतात आणि सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ते जीव ओतून गायचं संगीत, बाजूला पडतं, ते मला अजिबात पटत नाही.

बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' अल्बमवर उदंड लिहिलं गेलंय, ते सोडतो. सुरुवात सोल गायिका अरेथा फ्रँकलिनच्या 'रिस्पेक्ट'पासूनच करा. गाणं मुळात सोल गायक ओटिस रेडिंगचं, १९६५ चं, त्यात पुरुष घरी आल्यावर आपल्या बाईकडून मान मागतो. अरेथाने तेच बाईच्या तोंडी घातलं आणि सगळं पारडंच फिरलं, आता मागणारी ती आहे आणि तिच्या आवाजात विनवणी नावालाही नाही. रिस्पेक्टचं एकेक अक्षर सुटं म्हणायचा जो भाग सगळ्यांना पाठ आहे तो ओटिसच्या गाण्यात नव्हताच, तो हिने घातला. मागे कोरसला तिच्या सख्ख्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा आहेत, हेडफोन लावून ऐका, अरेथा ओळ टाकते आणि या दोघी ती अशी झेलतात की घरातल्या बायका एक होऊन कुणाला तरी चांगलंच सुनावतायत असं वाटतं.

जूनमध्ये हे गाणं दोन आठवडे बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, नंबर १ होतं. आणि जुलैमध्ये अरेथा जिथे वाढली त्या डेट्रॉइटमध्ये पोलिसांच्या एका धाडीवरून दंगल पेटली, ४३ माणसं गेली. म्हणजे तो प्रेमाचा उन्हाळा सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नव्हता, आणि कृष्णवर्णीयांनी, बायकांनी हे गाणं आपलं म्हणून का उचलून धरलं तेही यावरून कळतं.

१६ ते १८ जूनला कॅलिफोर्नियात मॉन्टेरे पॉप फेस्टिवल झाला, त्याचं रेकॉर्डिंग नक्की बघा. ओटिस स्टेजवरूनच सांगतो की 'रिस्पेक्ट' हे माझं गाणं एका मुलीने पळवलं, आणि मग तेच असं काही गातो की समोरचं हिप्पी पब्लिक येडं होतं. रविवारी दुपारी पंडित रविशंकर, तबल्यावर अल्लारखाँ, आणि त्याच रात्री जिमी हेंड्रिक्सने स्टेजवर गिटारला खरीखुरी आग लावली. रविशंकरांना ते बिलकुल रुचलं नव्हतं आणि मला त्यांचा राग समजतो, वाद्याला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी आपण माणसं. हेंड्रिक्सचं वाजवणं मात्र अफाट, त्यात वादच नाही. ओटिस त्याच डिसेंबरमध्ये विमान अपघातात गेला, वय फक्त २६. याची हळहळ मला अजूनही वाटते.

स्टीव्ही वंडरचं 'आय वॉज मेड टू लव्ह हर' पण चुकवू नका, पोरगा तेव्हा १७ वर्षांचा होता आणि काय जीव तोडून गायलाय. ते नंबर २ वरच अडकलं कारण वर डोअर्स या रॉक बँडचं 'लाइट माय फायर' ठाण मांडून बसलेलं. ते ऐकताना एक करा, अल्बममधलं साधारण सात मिनिटांचंच ऐका, कारण रेडिओसाठी ऑर्गन आणि गिटारचे सोलो जवळजवळ सगळे कापून तीन मिनिटांच्या आत कोंबलेलं सिंगल सगळीकडे फिरतं, आणि डोअर्सचा ऑर्गनवाला मँझरेक, त्याचा सोलोच गेल्यावर त्या गाण्यात राहतं काय!