तिकीट ‘काढायचं’ कुठून?

सेलूचे एक आजोबा विचारतात : “नातवाला म्हटलं, देवगिरी एक्स्प्रेसचं मुंबईचं तिकीट काढ. तर तो म्हणतो, आजोबा, तिकीट बुक करतात. काढू कुठून, खिशातून? ‘काढणे’ आता चूक झालं का? आणि वेटिंगचं तिकीट, त्याला तिकीट म्हणायचं की नाही?”

नातू हजरजबाबी आहे, पण आजोबांचं मराठी पक्कं आहे.

याचं एक सोपं स्पष्टीकरण बरेच जण देतात. मनमाड-काचीगुडा मार्ग मीटरगेज होता तेव्हा परभणीला तिकिटाच्या खिडकीमागे लाकडी कप्प्यांचं कपाट असायचं. बोटभर लांबीची पुठ्ठ्याची तिकिटं, एकेका गावाची एकेका कप्प्यात. बाबू पूर्णेच्या कप्प्यातून एक ओढायचा, तारखेच्या यंत्रात सारायचा, खट्ट! कडेवर तारीख उमटली की तिकीट खिडकीतून आपल्या हातात. तर म्हणे, कप्प्यातून काढायचे म्हणून ‘तिकीट काढणे’. ऐकायला छान आहे, पण मला पटत नाही. तसं असतं तर तिकीट बाबूनं काढलं असतं. आपण तर म्हणतो, “मी काढलं.”

शेजारचे प्रयोग बघा. आपण तलाठ्याकडून सातबारा काढतो, शाळेतून दाखला काढतो, बँकेत खातं काढतो, कर्ज काढतो, विमा काढतो. यातलं काहीच खिशातून निघत नाही. दुसऱ्याच्या दप्तरातून आपल्या नावचा कागद किंवा आपल्या नावची नोंद करवून घेणं, ते हे ‘काढणे’. भाजी आपण घेतो, काढत नाही. तिथं दप्तर नाही. (शेतकरी भाजी काढतो, पण ती वाफ्यातून.) दप्तर आता मोबाइलमध्ये आलं, म्हणून क्रियापद बदलायचं कारण नाही. ‘बुक करणे’ चालतं, ‘घेणे’ही चालतं. एसटीत कंडक्टर “तिकीट घ्या” म्हणतो, कारण तो देणारा; उत्तरात आपण म्हणतो, “काढलंय.”

आता वेटिंग. ‘काढणे’चं जोडीदार क्रियापद ‘निघणे’. सातबारा निघाला, तिकीट निघालं. पण गाडीतली जागा कधी निघत नाही, जागा मिळते. “तिकीट निघालं, जागा मिळाली नाही” हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं, आणि रेल्वेचा हिशेबही नेमका असाच आहे. वेटिंग २४/११ दिसलं तर तिकीट काढताना तुमचा नंबर २४ होता, पुढच्यांनी रद्द केल्यामुळे तो आता ११ वर आलाय. आरएसी झालं तर गाडीत चढता येतं, पण बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी मिळून बसायचं. जागा मिळाली, पाठ टेकायची नाही. चार्ट, म्हणजे आरक्षणाची शेवटची यादी, लागेपर्यंत तिकिटावरचे सगळेच वेटिंगवर राहिले, तर ऑनलाइन काढलेलं तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. खिडकीवरचं तसं आपोआप रद्द होत नाही, पण ते घेऊन आरक्षित डब्यात बसताही येत नाही. तेव्हा आजोबा, वेटिंगचं तिकीट हे तिकीटच. निघालेलं, पण जागा न मिळालेलं.

‘चार्ट लागला’ हेही असंच टिकलंय. डब्यावर कागद चिकटवणं बंद झालं, तरी निकाल लागतो तसा चार्ट लागतोच.

‘फाडणे’ मात्र जपून वापरा. टीसी तिकीट फाडत नाही, पावती फाडतो, आणि ती विनातिकीट सापडलेल्याची. ‘कापणे’ तर त्याहून वाईट : हिंदी पट्ट्यात टिकट कटवून माणूस गाडीत बसतो, आपल्याकडे निवडणुकीत ज्याचं तिकीट कापलं तो घरी बसतो.

लिहिताना तिकीट, पण तिकिटाला, तिकिटं : प्रत्यय लागला की ‘की’ ऱ्हस्व.

आणि हो, तिकीट म्हणजे माणूससुद्धा. “किती तिकिटं?” विचारल्यावर “अडीच” सांगणारी पिढी अजून आहे. त्या हाफचं मात्र २०१६ पासून बदललंय. पाच वर्षं पूर्ण, पण बारा पूर्ण न झालेल्या मुलाला आरक्षित डब्यात अर्धं भाडं हवं असेल तर वेगळा बर्थ नाही. बर्थ हवा तर भाडं पूर्ण. म्हणजे हाफ निघतं, जागा मिळत नाही, आणि पोरगं मनमाडपर्यंत आजोबांच्या मांडीवर.