'सपोर्ट कायम आहे' म्हणजे नक्की काय?

प्रश्न : नमस्कार काका, मी पणजीत एका ऑफिसात भरती-ओहोटीच्या हिशोबाचे फोर्ट्रान ७७ या जुन्या भाषेतले प्रोग्राम सांभाळते. आमच्या टीमने जीसीसी ९ (हे प्रोग्राम मशीनला चालतील असे करून देणारा कंपायलर) काढून त्याच्या पुढचं व्हर्जन थोडं बदलून सगळ्यांच्या मशीनवर घातलं, रिलीज नोट्स मी लिहिल्या, त्यात 'जुन्या फोर्ट्रानचा सपोर्ट कायम आहे' असं टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी दोघांचे प्रोग्राम कंपाइल होईनात. बाकीच्यांचे चालतायत. साहेब म्हणतात नोट खोटी आहे. माझं काय चुकलं? – एक वाचक, फोंडा

उत्तर : अगो, खोटं नाही लिहिलंस, पण त्या वाक्यातून कुणाला काही कळलंही नाही. चोडणच्या धक्क्यावर 'फेरी चालू आहे' एवढाच बोर्ड लावला तर रात्री उशिरा येणाऱ्याने काय करायचं, त्याला शेवटची फेरी किती वाजता ते हवंय ना.

अरिथमेटिक इफ घे, म्हणजे आकडा ऋण, शून्य की धन ते बघून तीनपैकी एका जागी उडी मारणारी फोर्ट्रानची जुनी आज्ञा. २०१८ च्या फोर्ट्रान स्टँडर्डमधून तो काढून टाकलाय, तरी जीफोर्ट्रान (जीसीसीचा फोर्ट्रानवाला भाग) साधं चालवलंस तर वॉर्निंग देऊन पुढे जातो, -एसटीडी=लेगसी हा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) घातलास तर गप्प बसतो, आणि -एसटीडी=एफ२०१८ घातलंस तर सरळ एरर. आता याला सपोर्ट आहे म्हणायचं की नाही? म्हणून नोटेत हा शब्दच नको. गुपचूप चालतं, वॉर्निंग येते, फ्लॅग लागतो की चालतच नाही, यातलं काय ते लिही.

तुमच्या त्या दोघांचं काय झालं असेल याचा मला अंदाज आहे. २०२० च्या जीसीसी १० पासून एकाच सबरूटीनला (प्रोग्रामच्या पुन्हापुन्हा वापरायच्या तुकड्याला) एकदा इंटिजर अ‍ॅरे (पूर्णांकांची यादी) आणि एकदा रिअल अ‍ॅरे (दशांश आकड्यांची) दिला (जुन्या कोडात हे सर्रास असतं) तर एरर येते, पण ही तपासणी एकाच फाइलपुरती. म्हणजे ज्यांनी सगळं एका लांबलचक फाइलीत कोंबलंय ते अडकले असणार आणि ज्यांच्या सबरूटीन वेगळ्या फाइलींत आहेत ते सुटले, त्यांचं कोड काही जास्त शुद्ध आहे असं नाही हां! जीसीसीच्या स्वतःच्या नोटेत हे दोन-तीन वाक्यांत आहे, काय नाकारलं जातं, कुठे, आणि -एफअलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच घातलं की एररची वॉर्निंग होते, जे -एसटीडी=लेगसीमध्ये आपोआप येतं. तुझीही नोट अशीच हवी. वर एररचा मजकूर जसाच्या तसा चिकटव, कारण अडकलेला माणूस नोट्स वाचत बसत नाही, एरर कॉपी करून शोधतो.

मोठा बदल असेल तर वेगळं पान कर. २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये सी भाषावाल्यांचं न सांगता इंट धरणं (प्रकार लिहिला नाही तर पूर्णांक समजणं) एरर झालं, जे १९९९ च्या सी९९ स्टँडर्डपासूनच भाषेत नव्हतं, तरी त्यांनी पोर्टिंगचं (जुनं कोड नव्या व्हर्जनवर कसं आणायचं याचं) अख्खं पान लिहून -एफपर्मिसिव्ह फ्लॅगची पळवाट दिली. इतकी वर्षं वॉर्निंग देऊनही लोक वाचत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.

फक्त एक, फ्लॅग कधीपर्यंत ठेवणार हे टीमला विचारल्याशिवाय तारीख टाकू नकोस. आणि नोट दुरुस्त करण्याआधी त्या दोघांना फ्लॅग घालून चालवून बघूदे, माझा अंदाज चुकलाही असेल.